न्यूयॉर्क–लंडन: अंतर एकच, मग वेळ दर वेळी वेगळा का?

बोटभर_आकाश (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. कामानिमित्त गेली तीनचार वर्षं न्यूयॉर्कचं जेएफके आणि लंडनचं हीथ्रो या दोन विमानतळांमध्ये माझ्या येरझाऱ्या चालू आहेत. प्रत्येक फेरीची नोंद एक्सेलमध्ये ठेवायची खोड आहे. हसा, घरचेही हसतात.

परवा त्यात ‘अंतर’ आणि ‘लागलेला वेळ’ असे दोन रकाने घातले आणि डोकं फिरलं. एक साइट अंतर ५,५४० किमी सांगते, दुसरी ५,५५५. सीटसमोरच्या पडद्याचा मी एकदा फोटो काढून ठेवला होता, त्यात उतरताना कापलेलं अंतर ५,७९० दिसतंय. शेवटी वैतागून ३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घेतला, दोन शहरांमध्ये शिवणाचा दोरा ताणून धरला आणि तो पट्टीवर मोजला. १३ सेंटिमीटर भरला. त्रैराशिक मांडलं तर ५,५२०.

वेळेचं तर विचारूच नका. साइट म्हणते उड्डाणाला ६ तास ४० मिनिटं, जातानाही तेवढीच आणि येतानाही तेवढीच. माझ्या शीटमध्ये लंडनकडे जाताना साधारण ७ तास, परतताना ८. त्यातही दोन नोंदी वेगळ्याच आहेत. १८ मार्च २०२४ ला संध्याकाळी ७:३० ला सुटून सकाळी ६:३० ला लंडनला टेकलो. पाच तासांचा फरक वजा केला की फक्त ६ तास! तो चौकोन हिरवा रंगवून ठेवलाय. आणि त्याच खेपेला परतताना, २४ मार्चला, ११ ला निघून दुपारी ३ ला न्यूयॉर्क. म्हणजे ९ तास. तो लाल. वाऱ्याने जे दिलं ते व्याजासकट वसूल केलं.

तर प्रश्न असा, की खरं अंतर कोणतं आणि खरा वेळ कोणता?

शंकासुर

अंतर भागिले वेग बरोबर वेळ. सातवीचं गणित आहे. एवढ्यासाठी धागा?

बोटभर_आकाश

@शंकासुर, कुठलं अंतर भागिले कुठला वेग, तेवढं सांगून टाका. धागा आत्ता बंद करते.

तिरका_अक्ष

दोऱ्याचा प्रयोग झकास. शिवणाच्या दोऱ्याने वीस-पस्तीस किलोमीटरच्या फरकाने उत्तर येणं ही चेष्टा नाही. दोरा ताणला की तो आपोआप गोलावरची सगळ्यात जवळची वाट धरतो. तिलाच बृहद्वृत्त म्हणतात. गोलाच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने गोल कापला की पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटतं ते.

५,५४० आणि ५,५५५ ही दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. पहिल्या साइटने पृथ्वी चेंडूसारखी गोल मानली आहे, त्रिज्या ६,३७१ किमी. मी आत्ता दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घालून ताडून पाहिलं, ५,५४० बरोबर येतं. दुसरीने पृथ्वी आहे तशी, म्हणजे ध्रुवांपाशी किंचित चेपलेली धरली आहे. विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ किमी, ध्रुवाशी ६,३५७. एकवीस किलोमीटरच्या त्या चेपण्यातून तुमचे हे पंधरा किलोमीटर आले.

गंमत दिशेची आहे. जेएफकेहून ही वाट उत्तरेपासून ५१ अंशांवर सुरू होते, म्हणजे बऱ्यापैकी ईशान्येला. लंडनला पोचते तेव्हा दिशा १०८ अंश झालेली असते, म्हणजे पूर्वेहून थोडी दक्षिणेला झुकलेली. आणि मध्ये कुठेतरी ती ५३.७ उत्तर अक्षांशाला शिवून येते, म्हणजे लंडनच्याही वर. विमानाने कुठेही वळण घेतलेलं नाही. सरळच गेलंय. वाकडा आहे तो सपाट कागद.

खिडकीवाली

वाकड्या कागदाला +१. लंडनहून लॉस एंजेलिसला जाताना मधल्या सीटवरच्या गृहस्थांनी मला गंभीरपणे सांगितलं होतं, की ‘वैमानिक फार वर चाललाय’. मी खिडकीची झडप वर केली तर खाली ग्रीनलंड. किनाऱ्याजवळचा समुद्रातला बर्फ जुन्या भिंतीचे पोपडे सुटावेत तसा तुकड्यातुकड्यांचा, आणि त्याला लागून काळे डोंगर, त्यांच्या फटींमधून उतरलेल्या हिमनद्या. त्या गृहस्थांना खिडकीशी वाकून बघायला दिलं. बराच वेळ बघत राहिले, पण मत काही बदललं नाही.

शंकासुर

पण एवढा काय फरक पडतो हो? नकाशावरची सरळ रेघ आणि ही बृहद्वृत्ताची वाट, असं किती कमीजास्त होणार?

तिरका_अक्ष

विषुववृत्ताजवळ पूर्व-पश्चिम जायचं असेल तर काहीच नाही. वर सरकाल तसा पडतो.

टोकाचं उदाहरण घ्या. हेलसिंकी आणि अँकरेज. एक फिनलंडमध्ये, दुसरं अलास्कात. दोन्ही विमानतळ साठ-एकसष्ट अंश उत्तरेला आणि रेखांशांत फरक १७५ अंशांचा, म्हणजे जवळजवळ अर्धी पृथ्वी. भिंतीवरच्या नकाशात एक उजवीकडे, दुसरं पार डाव्या कडेला. नकाशावर पट्टी ठेवून एकाच अक्षांशावरून गेलात तर साडेनऊ हजार किलोमीटर. दोरा ताणलात तर ६,५००. तीन हजार किलोमीटर वाचले! ही वाट उत्तर ध्रुवापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवरून जाते. भिंतीवरच्या त्या नकाशात ध्रुव दाखवायला जागाच नसते, त्यामुळे तो आडरस्ता वाटतो.

पाय_जमिनीवर

वेळेचं कोडं मी सोडवलं. धागाकर्तीने म्हटलेली साइट शोधली (नाव देत नाही, उगाच कुणाला कशाला दुखवा) आणि वीसेक जोड्या घालून बघितल्या. २,७०० किमीला ३ तास ३०. ९०० किमीला दीड तास. कुठलीही जोडी घाला, अंतर भागिले ९०० अधिक अर्धा तास. बस. तुमचे ५,५४० घातले की ६ तास ३९ मिनिटं येतात, ती गोळाबेरीज करून ४०.

मग म्हटलं, याचा कस बघू. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे अशी दोन बेटं आहेत. त्यांच्यामधली विमानफेरी जगातली सगळ्यात छोटी नियमित विमानसेवा. अंतर २.७ किमी. वेळापत्रकात दीड-दोन मिनिटं असतात आणि वारा अनुकूल होता तेव्हा ती ५३ सेकंदांतही झालेली आहे. आमची साइट काय म्हणते? ३० मिनिटं!

खिडकीवाली

🤣 अर्ध्या तासात माणूस तिथे दहा वेळा जाऊन येईल. वाखूसा (वाचनखूण साठवली).

शंकासुर

म्हणजे माझंच सूत्र की. नुसता अर्धा तास जास्त.

जुना_डिस्पॅचर

सहसा नुसता वाचून जातो, आज राहवलं नाही. बत्तीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये काढली. विमान कुठल्या वाटेने जाईल, किती उंचीवरून, किती इंधन घेऊन, हे ते सुटायच्या आधी जमिनीवर बसून ठरवायचं काम.

आधी शब्द नीट करून घेऊ. तिकिटावर असतो तो उडण्याचा वेळ नव्हे. आमच्याकडे त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. गेटवर चाकांना लावलेले ठोकळे काढले आणि विमान हललं की घड्याळ सुरू, पोचल्यावर गेटवर ठोकळे परत लागले की बंद. मधलं सगळं रांगणं त्यात आलं. संध्याकाळी जेएफकेहून युरोपकडे निघणारी विमानं एकामागे एक उभी असतात, अर्धा तास जमिनीवरच गेला तर आम्ही भुवईसुद्धा उचलत नसू. अ‍ॅमस्टरडॅमची पोल्डरबान नावाची धावपट्टी टर्मिनलपासून इतकी लांब आहे की उतरल्यावर विमान दहा-पंधरा मिनिटं चालतच राहतं, वाटेत मोटरवेवरचा पूलही ओलांडतं. प्रवाशांना वाटतं, आता रस्त्यानेच नेतात की काय.

मग वेग. लांब पल्ल्याची विमानं मॅक ०.८५ च्या आसपास चालवतात, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ८५ टक्के. अकरा किलोमीटरवर हवा उणे ५६ अंशांच्या घरात असते, तिथे ध्वनी ताशी १,०६२ किमीने जातो. म्हणजे विमानाचे झाले साधारण ९००. साइटवाल्याने तो आकडा हवेतून काढलेला नाही. पण तेवढा वेग मिळतो तो वर गेल्यावर. अमेरिकेत १०,००० फुटांखाली २५० नॉटची मर्यादा आहे, म्हणजे ताशी ४६३ किमी. चढताना आणि उतरताना वेळ खाल्ला जातो तो इथे.

आणि ते ९०० आहेत हवेच्या तुलनेत. हवा स्वतःच पळत असेल तर? उत्तर अटलांटिकवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो. हिवाळ्यात त्याच्या गाभ्यात ताशी २०० किमीच्या वर वारा मिळणं रोजचं. लंडनकडे जाताना त्याच्यावर बसायचं, येताना त्याला टाळायचं, यातच आमची अर्धी हयात गेली. म्हणून तिथले मार्ग डांबरी रस्त्यासारखे कायमचे नसतात. वाऱ्याचा अंदाज पाहून समांतर मार्गांचा एक जुडगा नव्याने आखायची पद्धत कित्येक दशकांची. दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांचा, रात्री पूर्वेकडे जाणाऱ्यांचा. त्यांना अक्षरांची नावं, पश्चिमेकडच्यांना ए, बी, सी आणि पूर्वेकडच्यांना झेडपासून उलट. आज ‘ए’ जिथून गेला तिथूनच उद्या जाईल याची खात्री नाही.

ताईंच्या पडद्यावरच्या ५,७९० चं उत्तर यात आहे. दोरा ज्या वाटेने जातो त्या वाटेने विमान क्वचितच जातं. काही किलोमीटर वाऱ्यासाठी जादा, काही विमानतळाच्या ठरलेल्या बाहेर पडायच्या आणि आत शिरायच्या वाटांसाठी, आणि हीथ्रोला शेवटी घिरट्या. तिथे चार ठिकाणी विमानं एकावर एक रचून गोल फिरवत ठेवतात. बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ओकहॅम आणि बिगिन. पडद्यावर ‘१२ मिनिटं बाकी’ असं बराच वेळ अडकून राहतं ना? तेव्हा तुम्ही त्यातल्या एखाद्या चक्रात असता.

बोटभर_आकाश

डिस्पॅचरकाका, दंडवत! ते अडकलेले १२ मिनिटं मी किती वेळा पाहिलेत. एकदा चक्क १२ चे १४ झाले, तेव्हा शेजारच्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच काहीतरी बटण दाबलंय.

अकरा किलोमीटर उंचीवरून गेल्यामुळे वर्तुळ मोठं होतं, त्यानेही अंतर वाढत असेल ना?

तिरका_अक्ष

वाढतं, पण चिल्लर. ६,३७१ मध्ये ११ म्हणजे हजारात पावणेदोन. तुमच्या वाटेवर दहाएक किलोमीटर.

शंकासुर

एक शंका. जाताना वारा मदत करतो, येताना अडवतो. मग जाऊनयेऊन फिट्टंफाट. सरासरी काढली तर साइटचं उत्तर बरोबर ठरायला हवं.

तिरका_अक्ष

इथेच सगळे फसतात. सोपे आकडे घ्या. अंतर ५,४००, विमानाचा वेग ९००, वारा १००. वारा नसता तर जायला ६, यायला ६, एकूण १२ तास. वारा आहे तेव्हा जाताना वेग १,०००, म्हणून ५ तास २४ मिनिटं. येताना ८००, म्हणून ६ तास ४५. बेरीज करा, १२ तास ९ मिनिटं. वारा दोनशे धरलात तर बेरीज साडेबारा तासांच्या वर जाते.

कारण असं की, वारा मदत करतो तेव्हा तुम्ही लवकर पोचता, म्हणजे मदत थोडाच वेळ मिळते. अडवतो तेव्हा तुम्ही रखडता, आणि जितके रखडता तितका जास्त वेळ तो अडवत बसतो. नदीतून पोहणाऱ्याला हे न सांगता कळतं.

आणि वारा सगळीकडे सारखा नसतो तेव्हा कमीत कमी वेळाची वाट कुठली, हा गणितातला नावाजलेला प्रश्न आहे. एर्न्स्ट झेर्मेलोने तो १९३१ मध्ये मांडून सोडवला. डिस्पॅचरकाकांचं सॉफ्टवेअर त्याच जातीचा प्रश्न रोज सोडवतं.

जुना_डिस्पॅचर

सॉफ्टवेअर नंतर आलं हो. सुरुवातीला आम्ही वाऱ्याचा नकाशा टेबलावर पसरून पेन्सिलीने करत होतो. झेर्मेलोचं नाव आज ऐकतोय.

पाय_जमिनीवर

वाऱ्याच्या गोष्टीत दोन विक्रम टाकतो. ९ फेब्रुवारी २०२० च्या पहाटे, सियारा वादळ चालू असताना, ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या तुलनेत वेग ताशी १,३०० किमीच्या पुढे गेला होता. आणि याच मार्गावर काँकॉर्डचा, म्हणजे ध्वनीहून वेगाने उडणाऱ्या प्रवासी विमानाचा, विक्रम आहे २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंद, ७ फेब्रुवारी १९९६. दोन्ही फेब्रुवारीतले, हे लक्षात घ्या.

शंकासुर

१,३००? वर काका म्हणाले ध्वनीचा वेग १,०६२. म्हणजे ७४७ ने ध्वनीचा वेग ओलांडला आणि एकही काच फुटली नाही? 🤔

जुना_डिस्पॅचर

नाही ओलांडला. ध्वनीसुद्धा त्याच हवेतून जातो, आणि ती हवाच पळत होती. त्या हवेच्या तुलनेत ७४७ नेहमीच्याच वेगाने चाललं होतं. सरकत्या जिन्यावर चालणारा माणूस बाजूच्या पायऱ्यांवरून पळणाऱ्यालाही मागे टाकतो, पण त्याचे पाय पळत नसतात.

जास्त अंतर आणि कमी वेळ, याचं माझं आवडतं उदाहरण वेगळंच आहे. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट दिशेने, पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं १५,३०० किमी, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त, आणि वेळ साडेचौदा तास, म्हणजे आधीपेक्षा जवळपास दोन तास कमी. पूर्वेकडे जाताना वारा पाठीशी. पृथ्वी गोल असल्याचा इतका रोकडा उपयोग मी दुसरा पाहिला नाही.

तिरका_अक्ष

अवांतर: या वाऱ्याचा शोध ज्यांनी पहिल्यांदा पद्धतशीर मोजमापांतून लावला ते जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी. १९२० च्या दशकात तातेनो वेधशाळेतून फुगे सोडून. त्यांनी अहवाल छापला तो एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत! जगाने वाचावा म्हणून जगाची भाषा निवडली आणि जगाने तो वाचलाच नाही.

खिडकीवाली

अरेरे. मराठीत लिहिला असता तर निदान आपण तरी वाचला असता.

नोंदवही_उघडी

इथवर गणित झालं, आता व्यवहाराचं बोलू. ‘अंतर किती’ आणि ‘पोचलो कधी’ या दोन्हींना युरोपात कायद्याने पक्की व्याख्या आहे. २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम. विमानाला उशीर झाला तर भरपाई अंतरावर ठरते. १,५०० किमीपर्यंत २५० युरो, युरोपबाहेरच्या प्रवासाला ३,५०० पर्यंत ४०० आणि त्यापुढे ६००. आणि अंतर मोजायचं ते बृहद्वृत्तानेच, असं नियमातच लिहिलंय. म्हणजे दोरा! विमान कुठून फिरून गेलं याच्याशी संबंध नाही. मध्ये विमान बदललं तरी पहिल्या विमानतळापासून शेवटच्यापर्यंत एकच दोरा ताणायचा. युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये रोमहून ब्रसेल्समार्गे हॅम्बुर्गला गेलेल्या प्रवाशांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं.

‘पोचलो’ म्हणजे काय, हे त्याच न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं होतं. चाकं टेकली ती वेळ धरायची नाही, गेटला लागल्याची पण नाही. विमानाचं निदान एक दार उघडलं आणि प्रवाशांना उतरायची मुभा मिळाली, ती वेळ धरायची.

हे मला पाठ आहे कारण स्वतःवर आलं होतं. कंपनीचं नाव सांगत नाही. भरपाईसाठी पोचायला निदान तीन तासांचा उशीर लागतो. आमची चाकं टेकली ती २ तास ५२ मिनिटं उशिरा. मग गेट रिकामं नाही म्हणून उभे. मग शिडी येईना. सगळे उभे राहून सामान काढून ताटकळलेले, आणि मी मान वाकडी करून पुढच्या दाराकडे बघतोय, हातात फोन. दाराची मूठ फिरली, बाहेरचा उजेड आत आला, तेव्हा फोटो काढला. वेळ नोंदली गेली ३ तास ४ मिनिटं उशीर. कंपनीने आधी २ तास ५२ लिहून हात झटकले. फोटो पाठवला, न्यायालयाच्या निकालाचा हवाला दिला, पाच आठवड्यांनी पैसे आले.

शंकासुर

ही खरी कामाची पोस्ट. बाकी दोरे तुम्ही विणत बसा.

पाय_जमिनीवर

@जुना_डिस्पॅचर, मग ब्लॉक टाइममध्ये कंपन्या मुद्दाम हवा भरतात म्हणतात ते खरं का? सात तासांचं तिकीट आणि वीस मिनिटं आधी पोचलो, असं मला हटकून होतं.

जुना_डिस्पॅचर

भरतात, आणि त्यात फसवाफसवी कमी, सोय जास्त आहे. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या हिशेबात वेळापत्रकापेक्षा १५ मिनिटांच्या आत पोचलेलं विमान ‘वेळेवर’. मग वेळापत्रकच थोडं सैल लावलं की आकडेवारी सुधारते. पण दुसरी बाजूही बघा. वारा रोज बदलतो आणि वेळापत्रक सहा-सहा महिन्यांसाठी छापावं लागतं. त्याच विमानाला आज ६ तास १० लागतात, परवा ६ तास ५०. छापायचं काय? बहुतेक दिवशी पुरेल असा आकडा. माझ्या मते आमच्या धंद्यातली ही सगळ्यात प्रामाणिक थाप.

वाट बदलणं दर वेळी वाऱ्यामुळेच असतं असंही नाही. हेलसिंकी–टोकियो घ्या. दोऱ्याने ७,८०० किमी, सायबेरियावरून सरळ. शीतयुद्धात सोव्हिएत आकाश बंद, म्हणून युरोपातली विमानं अँकरेजला इंधन भरून टोकियोला जात. फिनएअरने १९८३ मध्ये उत्तर ध्रुवावरून न थांबता टोकियो गाठलं, सुमारे १३ तासांत. पुढे सायबेरिया उघडलं आणि तोच प्रवास साडेनऊ तासांवर आला. २०२२ मध्ये रशियाचं आकाश पुन्हा बंद, परत ध्रुवावरून, परत १३ तास. प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याची प्रमाणपत्रं वाटली म्हणे. दोन्ही विमानतळ जागचे हललेले नाहीत.

असो. ताई, तुमच्या त्या हिरव्या चौकोनाकडे माझं मघापासून लक्ष जातंय. ६ तासांचा ब्लॉक अशक्य नाही. पण त्याच आठवड्यात परतताना ९? जाणाऱ्याला वर काढून येणाऱ्याला इतकं खाली ओढणारा वारा असेल तर डिस्पॅचर त्याला बगल देऊन वाट काढतो. आठ, सव्वाआठ समजू शकतो. तुम्ही पाच तास वजा केलेत ते कशावरून?

बोटभर_आकाश

शीटमध्ये सूत्रच आहे काका. लंडन पाच तास पुढे. जाताना वजा, येताना अधिक.

खिडकीवाली

थांबा थांबा थांबा. मार्च म्हणालात ना? घड्याळं!

अमेरिका घड्याळ एक तास पुढे करते मार्चच्या दुसऱ्या रविवारी. ब्रिटन करतं शेवटच्या रविवारी. २०२४ मध्ये अमेरिकेचा रविवार १० मार्चला होता आणि ब्रिटनचा ३१ ला. मधले तीन आठवडे दोन शहरांत पाच नाही, चारच तासांचा फरक!

तिरका_अक्ष

👏 संध्याकाळी ७:३० ते सकाळी ६:३० म्हणजे ११ तास. त्यातून चार गेले, सात. परतताना ११ ते ३ म्हणजे चार, अधिक चार, आठ.

शंकासुर

म्हणजे नेहमीचेच सात आणि आठ. वारा बिचारा बिनकामाचा बदनाम झाला. 😂

बोटभर_आकाश

मंडळी, मी आत्ता खुर्चीवर नीट बसलेय.

तो हिरवा चौकोन मी किती जणांना दाखवला असेल! ऑफिसात एका बैठकीआधी ‘सहा तासांत आले’ असं सांगून झालंय. आणि लाल चौकोनाबद्दल विमान कंपनीला रीतसर पत्र लिहिलं होतं, की सात-आठ तासांचा प्रवास नऊ तासांवर कसा गेला. त्यांचं उत्तर आलं होतं, ‘आमच्या नोंदीनुसार आपले विमान वेळेवर पोचले आहे’. मला ते उद्धट वाटलं होतं.

जुना_डिस्पॅचर

होतं असं. सामोआमधल्या आपियाहून अमेरिकन सामोआमधल्या पागो पागोला जाणारं छोटं विमान अर्ध्या-पाऊण तासात पोचतं, पण मध्ये दिनांकरेषा आहे. माणूस निघाल्याच्या आदल्या दिवशी उतरतो. तुमच्या शीटने त्याला उणे तेवीस तास दाखवले असते. म्हणून आम्ही सगळी आयुष्यं यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, काढली. घरच्या भिंतीवरचं घड्याळसुद्धा माझं यूटीसीत आहे, त्यावरून भांडणं होतात तो भाग वेगळा.

पाय_जमिनीवर

पण ताई, एवढ्या नोंदी ठेवता तर वर्षाच्या बेरजेत हे कसं सापडलं नाही?

बोटभर_आकाश

तेच आत्ता बघत होते. मी प्रत्येक फेरीची बेरीज करते, जाणं अधिक येणं. नेहमीची ७ अधिक ८, पंधरा. मार्चमधली ६ अधिक ९. तीही पंधराच. खाली बेरीज दर वेळी जुळत होती, म्हणून वर कधी पाहिलंच नाही.

सगळ्या वेळा यूटीसीत बदलायला घेतल्यात. आणि २०२२, २०२३ चे मार्चही निघालेत.